कारखान्यातले घर कोकणच्या पावसात टिकवायचे असेल तर

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘पंधरा दिवसांत पर्यावरणपूरक घर’ अशा जाहिराती आता कोकणात जागोजागी दिसतात. गावच्या जागेवर लहानसे घर बांधू पाहणारा चाकरमानी गवंड्याच्या आधी अशा कंपनीला फोन करतो. दरडग्रस्त गावांच्या पुनर्वसनाची चर्चा निघाली की सरकारी बैठकांतही याच घरांचे नाव पुढे येते. आम्ही याच व्यवसायात आहोत आणि ही पद्धत कोकणाला हवी, असे आमचे ठाम मत आहे. म्हणूनच हे पत्र लिहीत आहोत, कारण आज या घरांची खरेदी चुकीच्या मापाने होते आहे. खासगी ग्राहक असो की निविदा काढणारे कार्यालय, विचारणा होते ती चौरस फुटाच्या दराची आणि दिवसांची. घर टिकते की नाही हे ठरते जोत्यावर, सांध्यांवर, पोलादावरच्या जस्ताच्या थरावर आणि छपराच्या पकडीवर. करारात नेमकी याबद्दल एक ओळही नसते.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. बांधकामाच्या जागेवर चौकीदारासाठी ठेवतात ती पफ पॅनेलची केबिन आणि राहते घर या वेगळ्या वस्तू आहेत. पन्नास मिलिमीटर फोमच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा, खाली चॅनेलचा सांगाडा, वर सपाट छप्पर, अशी ती केबिन. चार-पाच वर्षे वापरून हलवायला ती ठीक आहे. तिलाच खिडक्या आणि लाकडी रंगाची पट्टी लावून ‘मॉड्युलर होम’ म्हणून विकले जाते, तेव्हा ग्राहक फसतो. राहत्या घरासाठी आपल्याकडे दोन खऱ्या वाटा आहेत. एकीत हलक्या पोलादी सांगाड्याच्या भिंती पॅनेलच्या रूपात तयार करून जागेवर जोडतात. दुसरीत फरशी, वायरिंग, न्हाणीघरासह आख्खी खोलीच कारखान्यात बनवून क्रेनने बसवतात.

या दोन्ही पद्धती देशात मोठ्या प्रमाणावर वापरून झाल्या आहेत. केंद्र सरकारच्या ‘लाइट हाउस’ या नव्या बांधकाम तंत्रांच्या गृहप्रकल्पांची पायाभरणी १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत झाली. प्रत्येक ठिकाणी हजार किंवा त्याहून थोडी अधिक घरे होती आणि तंत्र वेगवेगळे होते. आगरतळ्यात हलका पोलादी सांगाडा, रांचीत काँक्रीटच्या तयार खोल्या, चेन्नईत काँक्रीटचे तयार खांब-तुळया आणि स्लॅब. मुदत बारा महिन्यांची होती. चेन्नईची ११५२ घरे मे २०२२ मध्ये पूर्ण झाली, रांचीला मात्र २०२४ उजाडले. हे सांगायचे कारण एवढेच की कारखान्यातला वेग आपोआप जागेवरचा वेग होत नाही. पाया, रस्ता, क्रेन आणि पैसे यांतले एक जरी अडले तरी तयार माल यार्डात पडून राहतो. सहा शहरांत महाराष्ट्रातले एकही नव्हते, त्यामुळे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसात ही घरे कशी वागतात याची सरकारी पातळीवरची नोंद आपल्याकडे तयार झाली नाही.

कोकणापुरते बोलायचे तर तयार खोलीपेक्षा पॅनेलची पद्धत जास्त सोयीची आहे, आणि त्याचे कारण रस्ता आहे. मोटार वाहन नियमांनुसार मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटरच्या पुढे जाता कामा नये. त्याहून रुंद माल न्यायचा तर खास परवानगी लागते. मर्यादेत बसवलेल्या खोलीत भिंतींची जाडी वजा जाता आत जेमतेम सव्वासात फूट रुंदी उरते. ती खोली घेऊन ट्रेलर कुंभार्ली किंवा आंबोली घाट उतरला, तरी पुढे वाडीकडे वळणाऱ्या पाखाडीच्या तोंडाशी अडतो. वर आंब्या-फणसाच्या फांद्या आणि लोंबत्या विजेच्या तारा असतातच. क्रेनचा हिशेबही बहुतेकांना ठाऊक नसतो. ‘चौदा टनांचा हायड्रा’ म्हणजे बूम (क्रेनचा लांबणारा हात) आत असताना अगदी जवळचे वजन. तोच बूम दहा-अकरा मीटर लांबवला की दोन टनांनाही यंत्र डोलू लागते, आणि तयार खोली तीन-चार टनांची असते. याउलट ८९ मिलिमीटर पोलादी सेक्शनची, तीन मीटर लांब आणि पावणेतीन मीटर उंच उघडी चौकट सत्तर-ऐंशी किलोची भरते. चार माणसे ती पायवाटेने उचलून नेतात.

कारखान्यातले काम तसे सरळ आहे. जस्त चढवलेल्या पत्र्याची गुंडाळी यंत्रात जाते. संगणकातल्या नकाशाप्रमाणे सेक्शन वळते, कापले जाते, स्क्रू आणि वायरिंगची भोके पडतात, प्रत्येक तुकड्यावर नंबर छापला जातो. टेबलावर चौकट जोडून तिचे दोन्ही कर्ण मोजतात आणि पुढच्या टेबलावर पाठवतात. इथे मिलिमीटरची चूकही होत नाही. चूक होते ती पुढे, जोत्यावर.

जोते सहसा कंपनी बांधत नाही. ग्राहक ते गावच्या ठेकेदाराकडून करून घेतो, आणि गावचा ठेकेदार चिऱ्याच्या किंवा विटेच्या बांधकामाच्या सवयीने काम करतो. त्या बांधकामात जोते वीस मिलिमीटर वर-खाली असले तरी पहिल्या थराच्या चुन्या-सिमेंटात ते खपून जाते. पोलादी चौकटीच्या खाली असा सांभाळून घेणारा थर नसतो. जोत्याची पातळी पूर्ण लांबीत तीन मिलिमीटरच्या आत आणि दोन कर्णांतला फरक पाच मिलिमीटरच्या आत हवा. तो नसला तर काय होते ते जागेवर पाहिले म्हणजे कळते. चौकटीची भोके आणि जोत्यातले बोल्ट जुळत नाहीत. मग कोणीतरी गॅसकटर आणतो आणि भोक मोठे करतो. त्या आचेने भोकाभोवतीचे जस्त उडून जाते, कारण जस्ताची वाफ नऊशे अंशांच्या थोडे वर होते आणि गॅसची ज्योत त्याच्या कितीतरी पुढे असते. वर चंदेरी रंगाचा फवारा मारला की कोणाला काही दिसत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात नेमक्या तिथून, म्हणजे सगळ्या घराचा भार जिथे उतरतो तिथूनच, तांबूस पाणी ओघळू लागते.

उपाय महाग नाही. काँक्रीट ओतण्याआधी कंपनीने बोल्टांच्या जागांचा पोलादी साचा जागेवर पाठवावा, किंवा बोल्ट आधी न बसवता चौकट उभी केल्यावर ड्रिल मारून रासायनिक अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेले बोल्ट) बसवावेत. बोल्ट स्लॅबच्या कडेपासून किमान ७५ मिलिमीटर आत असावा, नाहीतर ओढ बसताच कडेचे काँक्रीट फुटते. चौकटीच्या खाली ओल अडवणारी पट्टी अखंड असावी, कारण ओले सिमेंट जस्त खाते. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. जोते भिंतीपेक्षा बाहेर आले असेल तर भिंतीवरून ओघळलेले पाणी त्या कट्ट्यावर साचून चौकटीखाली शिरते. म्हणून बाहेरचा बोर्ड जोत्याच्या कडेच्या बाहेरून पन्नास मिलिमीटर तरी खाली उतरायला हवा. जोते आजूबाजूच्या जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच ठेवावे. कोकणात ते जांभ्याचे करावे. जांभा तिथलाच आहे आणि काँक्रीटही कमी लागते.

आता वाऱ्याबद्दल. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ रायगडकर विसरलेले नाहीत. हलके घर भूकंपाला चांगले असते, कारण भूकंपाचा झटका वजनाच्या प्रमाणात बसतो. किल्लारीत १९९३ साली माणसे मेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. पण हाच हलकेपणा वादळात उलटा पडतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, तर पणजीसाठी ३९ मीटर धरला आहे. ४४ मीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ११८ किलो होतो, ३९ ला ९३ किलो. छपरावर हा दाब वरच्या दिशेने ओढतो, वळचणीच्या कोपऱ्यांत तर आणखी जोराने. पत्रा, पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) आणि आतले छत मिळून वजन भरते चौरस मीटरला पंधरा-वीस किलो. म्हणजे पन्नास चौरस मीटरच्या घराचे छप्पर टनभर वजनाचे आणि वादळात त्याला वर खेचणारी ओढ चार-पाच टनांची.

ही ओढ जमिनीपर्यंत पोचवायला अखंड साखळी लागते. पत्र्याचा स्क्रू पर्लिनमध्ये, पर्लिन कैचीला (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला), कैची भिंतीच्या उभ्या सेक्शनला पट्टीने बांधलेली, ते सेक्शन खालच्या आडव्या चॅनेलला आणि तो चॅनेल बोल्टने जोत्याला. यातला प्रत्येक दुवा नकाशात मोजमापासह दाखवलेला हवा. प्रत्यक्षात कैची आणि भिंतीमधली पट्टी गाळली जाते, कारण छत बसल्यावर ती दिसत नाही. घराच्या कोपऱ्यांत आणि प्रत्येक दरवाजा-खिडकीच्या दोन्ही बाजूंना वेगळे जाड अँकर लागतात, तिथेही साधाच बोल्ट मारून काम उरकतात. ग्राहकाने छत बंद होण्याआधी स्वतः जाऊन फोटो काढावेत. अभियंता असण्याची गरज नाही, पट्टी आहे की नाही हे कोणालाही दिसते.

जस्ताच्या थराबद्दल विक्रेते ‘गॅल्व्हनाइज्ड आहे, गंजत नाही’ एवढेच सांगतात. विचारायचे ते किती ग्रॅम. २७५ ग्रॅम म्हणजे पत्र्याच्या दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त, एका बाजूला जेमतेम वीस मायक्रॉन. बाजारात १२० ग्रॅमचा पत्राही मिळतो, तो स्वस्त पडतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत उघड्यावर जस्त वर्षाला चार ते आठ मायक्रॉन झिजू शकते. म्हणजे २७५ ग्रॅमचा थरही उघड्यावर अडीच ते पाच वर्षांत संपेल. तोच सेक्शन कोरड्या भिंतीच्या आत बंद असेल तर दशकानुदशके टिकतो. म्हणून सांगाड्याचे आयुष्य शेवटी भिंत किती कोरडी राहते यावर ठरते, आणि जस्ताची जाडी ही फक्त हाताशी ठेवलेली शिल्लक आहे. हर्णै, गुहागर, मालवण, वेंगुर्ले अशा किनाऱ्यालगतच्या गावांत पोलाद कुठेही उघडे ठेवू नये, पडवीचे खांबसुद्धा. आणि एक गोष्ट लक्षात घ्यावी: ज्या पत्र्यावर पाऊस पडतो त्यावरचे मीठ धुऊन जाते. वळचणीच्या आतल्या बाजूला, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे मीठ साचते आणि गंज आधी तिथेच धरतो. तो भाग दिवाळीनंतर आणि होळीच्या सुमाराला गोड्या पाण्याने धुवावा.

छपराच्या कामात नुकसान होते ते किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनी. स्क्रू पत्र्याच्या पन्हळीच्या माथ्यावर मारायचा, तळाशी नाही. रबरी वॉशर किंचित दबला पाहिजे. फार आवळला तर रबर बाहेर फेकले जाते आणि वर्षभरात चिरते, सैल राहिला तर पाणी आजच शिरते. ड्रिलचा बारीक चुरा त्याच संध्याकाळी झाडून टाकला नाही तर रात्रीच्या दवात तो गंजतो आणि नव्या पत्र्यावर तांबडे ठिपके धरतात. पाख्याचा उतार वीस अंशांच्या आसपास आणि वळचण अडीच फूट बाहेर हवी. जुन्या कोकणी घराला पडवी आणि रुंद वळचण उगाच नव्हती. भिंतीवर झड येऊ न देणे हे तिचे काम होते. आजच्या जाहिरातींतल्या सपाट छपराच्या, वळचण नसलेल्या चौकोनी घराला तो बचाव नाही. युरोपातल्या चित्रावरून उचललेले ते घर आंबोलीच्या पावसात उभे करणे म्हणजे प्रत्येक सांध्याची रोज परीक्षा घेणे आहे. उताराच्या पत्र्यावर पट्ट्या मारून कौले घातली तर उन्हाचा ताप आणि पावसाचा आवाज दोन्ही कमी होतात. कौले नको असतील तर रॉकवूल (दगडी तंतूंचा भराव) पत्र्याला आतून टेकलेले असावे, छतावर खाली पसरलेले नको. पत्रा थरथरतो तो थरथरण्याच्या जागीच दाबला पाहिजे, नाहीतर जुलैत घरात बोललेले ऐकू येत नाही.

भिंत कशी रचावी यावर आमचा सगळ्यात जास्त आग्रह आहे. बाहेरचा फायबर सिमेंट बोर्ड थेट चौकटीवर ठोकलेली भिंत कोकणात चालत नाही. बोर्डाच्या सांध्यातून थोडे पाणी आत जाणारच, असे धरून भिंत रचावी. चौकटीवर आधी पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा कापडी पडदा, त्यावर वीस-पंचवीस मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्या आणि त्यावर बाहेरचा बोर्ड. मधल्या पोकळीत शिरलेले पाणी खाली वाहून बाहेर पडते आणि वारा खेळून भिंत सुकते. पोकळीच्या तळाशी बारीक जाळी हवी, नाहीतर उंदीर आणि मुंग्या आत घर करतात. थंड देशांच्या नकाशांत आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा कागद असतो, कारण तिथे वाफ घरातून बाहेर जाते. आपल्याकडे एसी लावलेल्या खोलीत ती उलट, बाहेरून आत येते आणि त्या कागदाच्या मागे पाणी होऊन थांबते. असा नकाशा जसाच्या तसा वापरलेल्या भिंतीत बोर्डामागे काळी बुरशी धरते, आणि घरमालक नळ गळतो म्हणून प्लंबर शोधत बसतो.

भरावासाठी थर्माकोल किंवा पफऐवजी रॉकवूल घ्यावे. पफ उष्णता जास्त अडवतो हे खरे, पण तो जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ माणसे गेली, त्या आगीत बाहेरच्या आवरणाबरोबर फोमचा भरावही जळला होता. आतल्या बाजूला जिप्सम बोर्ड लावायचा तर ओल सोसणारा हिरवा बोर्ड, आणि तोही जमिनीपासून सहा इंच वर थांबवावा. खालच्या पट्टीला सिमेंट बोर्डच हवा. कागदाचे आवरण असलेला साधा जिप्सम वाळवीला खाद्य आहे. पोलादाला वाळवी लागत नाही म्हणून जमिनीवरची वाळवी-प्रक्रिया वगळणे चूक आहे. वाळवी चौकट सोडून दरवाजे, कपाटे आणि बोर्डाचा कागद खाते.

सांध्यात भरायचा माल हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला साधा सिलिकॉन असेल तर त्याचा वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो परत करावा. त्यातले आम्ल जस्त खाते. पॉलियुरेथेनचा किंवा आम्ल न सोडणारा सीलंट लागतो. सांधा दहा मिलिमीटर रुंद असेल तर सीलंटची खोली पाच मिलिमीटर ठेवून मागे फोमची दोरी बसवावी, म्हणजे माल फक्त दोन बाजूंना चिकटतो आणि रबरासारखा ताणला जातो. दोरी न घालता खोबण गच्च भरली तर तो तळालाही चिकटतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात मधोमध फाटतो. हे काम दोरी घालून केले की नाही हे नंतर कोणालाही दिसत नाही, आणि गळतीच्या तक्रारींत हे कारण सारखे भेटते.

विजेबाबत तडजोड नको. पोलादी सांगाड्याच्या घरात एक स्क्रू वायरमध्ये घुसला तर सगळ्या घराला करंट येऊ शकतो. सांगाडा दोन ठिकाणी अर्थिंगला जोडलेला, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला आणि सेक्शनच्या प्रत्येक भोकात प्लॅस्टिकची बुशिंग असलीच पाहिजे. टांगायच्या वस्तूंचे कारखान्यातच ठरवावे लागते. पंचवीस लिटरचा भरलेला गीझर चाळीस किलोच्या आसपास भरतो. त्याच्यामागे चौकटीत आडवी पट्टी नसेल तर तो बोर्डासकट खाली येतो. कोकणातल्या ग्राहकाने आणखी दोन गोष्टी नकाशावर लिहून घ्याव्यात: गणपतीवरच्या माटवीसाठी छतातले हूक आणि झोपाळ्याची तुळई. फळे-नारळांनी भरलेली माटवी बरीच जड होते, आणि झोपाळ्यावर तीन माणसे बसून झोका घेतात तेव्हा कड्यांवर बसणारा भार त्यांच्या वजनाहून बराच अधिक असतो. पत्र्याच्या हलक्या कैचीला ते टांगणे धोक्याचे आहे.

‘पर्यावरणपूरक’ या दाव्याचाही हिशेब मागावा. पाचशे चौरस फुटांच्या साध्या आरसीसी घराला सुमारे दोनशे पोती सिमेंट आणि पावणेदोन-दोन टन सळई लागते, हा ठेकेदारांचा नेहमीचा अंदाज. तेवढ्याच पोलादी सांगाड्याच्या घराला पाया-जोत्यापुरती साठ ते ऐंशी पोती आणि सव्वा ते दीड टन पत्रा. म्हणजे पोलादात फार बचत नाही, आणि लोहखनिजापासून टनभर पोलाद बनवताना दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बचत होते ती सिमेंटची, विटांची, खाडीतल्या वाळूची आणि क्युरिंगच्या पाण्याची. एप्रिल-मेमध्ये टँकरवर जगणाऱ्या वाडीत हे शेवटचे कारण सगळ्यात मोठे आहे. स्क्रूने जोडलेले घर उकलून पुन्हा उभारता येते, हाही खरा फायदा. पण शेजारच्या खाणीचा चिरा आणि जुन्या घराचे उतरवलेले वासे-कौले वापरून बांधलेले घर कार्बनच्या हिशेबात कारखान्यातल्या घराला सहज हरवू शकते. ज्याच्याकडे चांगला गवंडी, चिरा आणि वेळ आहे त्याने तेच बांधावे, असे आम्ही ग्राहकांनाही सांगतो. माणगा बांबूचा वापर वाढवण्याला मोठा वाव आहे आणि कुडाळच्या कोनबॅक या बांबू संस्थेने या दिशेने बरेच काम केले आहे. फक्त बोरिक-बोरॅक्सची प्रक्रिया पावसाच्या पाण्याने धुऊन जाते. म्हणून बांबू छपराखाली आणि आतल्या भिंतींत वापरावा, झडीच्या तोंडाशी देऊ नये.

कोकणात या पद्धतीचा मोठा उपयोग आहे तो वर्षाच्या वेळापत्रकात. पावसाळ्याचे चार महिने जागेवर बांधकाम होत नाही, कारखान्यात मात्र होते. जून ते सप्टेंबर चौकटी तयार कराव्यात, दसरा-दिवाळीनंतर जोते घालावे, जोत्याला पुरते पाणी मारून झाले की जानेवारी-फेब्रुवारीत उभारणी. मेअखेरपर्यंत थांबले की मृगाच्या आधी छप्पर टाकण्याची घाई होते आणि वर सांगितलेल्या सगळ्या चुका त्या आठवड्यात होतात. सरकारी योजनांची रचना याच्या आड येते. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरच्या घराला केंद्राच्या निकषाप्रमाणे सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात, ते घराच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी. कारखान्यातल्या घरात भिंत, लिंटेल आणि छप्पर हे टप्पे एकाच आठवड्यात उरकतात, पण त्याआधीच मालाचे बहुतेक पैसे खर्च झालेले असतात. बँकांच्या गृहकर्जातही हीच अडचण आहे. कारखान्यात तयार झालेल्या, नंबर टाकलेल्या चौकटींची तपासणी हा एक टप्पा मानला तर गोरगरिबांनाही हे घर परवडेल.

तळियेवर २२ जुलै २०२१ रोजी आणि इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा निवाऱ्याची शोधाशोध आपत्तीनंतर सुरू झाली. इर्शाळवाडीच्या लोकांना आधी कंटेनरमध्ये राहावे लागले. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गासाठी घराचे दोन-तीन नकाशे, पोलाद-बोर्ड-सांध्यांची मापे आणि दर आधीच ठरलेले असतील, आणि काही घरांच्या चौकटी कोरड्या गोदामात तयार असतील, तर पुढच्या वेळी हे टळेल. कारखान्यालाही तुरळक आणि घाईच्या मागणीपेक्षा थोडी पण नियमित मागणी लागते. कारखान्यात घरे बनवणारी ब्रिटनमधली इल्के होम्स जून २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. अमेरिकेतल्या कटेरा या तशाच कंपनीने २०२१ मध्ये काम थांबवले. यंत्रे, शेड आणि कुशल माणसे यांचा खर्च महिन्याला चालूच राहतो, घरे विकली जावोत वा न जावोत.

म्हाडा, जिल्हा परिषदा आणि खासगी ग्राहक यांना आमची विनंती आहे की निविदेत किंवा करारात पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात. तंत्राला केंद्राच्या बीएमटीपीसी या बांधकाम साहित्य-तंत्र परिषदेचे मूल्यांकन प्रमाणपत्र आहे का, ते पाहावे. पत्र्याची जाडी, दर्जा आणि जस्ताचे ग्रॅम यांचा गिरणीचा दाखला गुंडाळीच्या नंबरासह घ्यावा. वाऱ्याच्या ओढीचा हिशेब स्थापत्य अभियंत्याच्या सहीचा असावा. माल निघण्याआधी कारखान्यात खिडकीसह एक भिंत उभी करून तिच्यावर पाण्याचा फवारा मारून दाखवावा. ‘ही तात्पुरती रचना आहे, परवानगी लागत नाही’ असे विक्रेत्याने सांगितले तर ते त्याच्याकडून लेखी मागावे आणि ग्रामपंचायत व नगररचना कार्यालयात स्वतः खात्री करावी.

आणि किमतीचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवावा. ३० सप्टेंबरनंतर कंपनीच्या माणसाला बोलावून चार ठिकाणे एकत्र पाहावीत: चौकटीच्या तळाचा चॅनेल (त्यासाठी जोत्यालगतच्या बोर्डाची एक पट्टी स्क्रूने उघडता येईल अशी आधीच ठेवून घ्यावी), न्हाणीघराच्या भिंतीची मागची बाजू, खिडक्यांचे खालचे कोपरे, आणि वळचणीखालचे स्क्रू. ओल किंवा तांबूस डाग दिसला तर दुरुस्ती करून घेऊन मगच ती रक्कम सोडावी.

आपले,
कारखान्यात घरे तयार करण्याच्या व्यवसायातील काही अभियंते, सुपरवायझर आणि फिटर
(रायगड-रत्नागिरी)